पिवळ्या ठिपक्याची बस

हॅलो?

… हो, मीच. … पहिल्याच रिंगला उचलला? छे गं, फोन हातातच होता, चष्मा शोधत होते. … फोनच्या उजेडात शोधत होते. … दुपारी अडीचला, हो! कॉटखाली अंधारच असतो, दुपार असो नाहीतर काही असो. तू बोल, कशाला केलास फोन?

… येणार नाही. सांगितलंय ना एकदा. … नाही म्हणजे नाही. … अगं, राग कसला? मला राग येतच नाही. एकतीस वर्षं डेपोत बसच्या वायरी जोडल्या मी. 'वायरिंगवाल्या बाई' म्हटलं की अख्खा डेपो माझ्याकडे बोट दाखवायचा. आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं राहायला म्हणून जुनी बस घेतली, तर तिची वायरिंग कोण करणार? तिचा नवरा! जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस! मोबाईलवर चार व्हिडिओ बघून! … तेच तर म्हणतेय, मला राग आलेलाच नाही.

… हो, हो… ऐकते… अगं पण कुजबुजतेस कशाला? तुझे शास्त्रज्ञ नवरोबा तिथंच आहेत का? … पाहुण्यांना आणायला गेलेत? मग कुजबुजतेस कुणासाठी, बससाठी?

… चार वाजता उद्घाटन, माहितीये. … तीस खुर्च्या! कुणाकुणाला बोलावलंय एवढं? … अख्खी गल्ली आणि शाळेतले सगळे. बरं. … आणि पाहुण्यांनी मेन स्विच दाबला की बस एका झटक्यात उजळणार. दिवे, पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप, सगळं एकदम. … भाषण पण आहे? किती पानांचं? … सात! त्यातली वायरिंगवर किती? … चार. … माझं नाव आहे का गं कुठं? … नाही, सहज विचारलं. तू पुढं बोल.

… काय? परत सांग. … पंखा काल लावून बघितला. मग? … फिरतो. फिरतो तर तक्रार काय आहे? … जोरात फिरतो पण वारा येत नाही? … थांब थांब थांब. पुढं हात धरलास तर वारा नाही. पंख्याच्या मागं धरून बघितलास? … मागं लागतो! … समोरच्या खिडकीचा पडदा पंख्यात ओढला गेला! नवा, निळ्या फुलांचा?

… अगं, हसू दे ना जरा. … किती दिवसांनी हसतेय. … हां, झालं. शास्त्रज्ञांचं काय म्हणणं पडलं यावर? … 'पंखा उलट्या बनावटीचा आहे.' … थांब, परत हसते.

… हं. बोल. दिव्यांची पट्टी? … लागलीच नाही. 'पट्टी खराब आहे.' दुसरी आणली, तीही लागली नाही. 'दोन्ही खराब आहेत.' … आणि फ्रीज? पंप? … जोडून ठेवलेत, पण चालू केले नाहीत. थेट चार वाजता, पाहुण्यांच्या हातानं.

… थांब, विचार करतेय.

… ऐक. मेन स्विच बंद आहे ना? बंदच ठेव. कुणी म्हणजे कुणीच हात लावायचा नाही त्याला. … अगं, सांगते ना कारण. घरात कशा दोन वायरी असतात, एक जायची, एक यायची? बसमध्ये तसं नसतं. बॅटरीकडून वस्तूपर्यंत एकच वायर जाते, आणि परत यायचा रस्ता म्हणजे बसचा पत्रा. बॉडी. बॅटरीचं एक टोक बॉडीलाच बांधून टाकलेलं असतं. … बरोब्बर! म्हणजे अख्खी बस हीच दुसरी वायर. बघ, भूगोल शिकवला नाहीस म्हणून तुला लगेच कळलं.

… आता ते बांधलेलं टोक सगळीकडे मायनसचं असतं. पण फार जुन्या काही गाड्यांत प्लसचं टोक बॉडीला असायचं. आणि तुझ्या नवऱ्यानं सगळ्या वस्तूंच्या काळ्या वायरी बॉडीला लावल्या असणार, मायनस समजून. … लावल्यात ना? मग! बॉडी जर प्लस निघाली, तर सगळंच उलटं. पंखा उलटा फिरतो. पट्टी लागत नाही. आणि फ्रीज बिचारा काही उलटा फिरत नाही, तो जळतो.

… इंजिन चालू होतं, बसचे जुने दिवे लागतात, म्हणजे सगळं ठीक आहे? हे कोण म्हणालं? … वाटलंच. अगं, साध्या बल्बला कुठं कळतंय प्लस कुठलं नि मायनस कुठलं? तो कसाही पेटतो. इंजिनचंही तसंच. हल्लीच्या वस्तू मात्र फार मानी. उलटं जोडलं की जीवच देतात. … फ्यूज आहे ना, हो. फ्यूज उडेल तेव्हा उडेल, त्याच्या आत फ्रीजनं राम म्हटलेला असेल. आणि जळका वास सुटेल तो निराळा, पार तिसाव्या खुर्चीपर्यंत. भाषणाच्या कितव्या पानावर दाबायचाय स्विच?

… अगं, रडू नकोस. … नाही गं, मजा नाही घेत. … बरं, थोडी घेतेय. … पण रडायचं काय त्यात? दुसरा फ्रीज…

… हं.

… इंजेक्शनं. त्यांची साखरेची. हो… ती थंडच ठेवावी लागतात. … आणि घर भाड्यानं दिलंत, उद्या सकाळी भाडेकरू येणार, तुम्ही सकाळी निघणार. … म्हणजे हा फ्रीज गेला तर तुम्ही जागचे हलूच शकत नाही. … अगं, हे आधी नाही का सांगायचं! … बरं. आता अजिबात मजा घेत नाही. आज आणलेली इंजेक्शनं कुठं आहेत? … शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये. शाबास. तिथंच राहू देत.

मीटर आहे का घरात? … पिवळं, मधे गोल खटका, एक लाल आणि एक काळी शेपटी… हां, तेच. … अजून प्लास्टिकच्या पाकिटात आहे? सात पानांचं भाषण लिहिणाऱ्या माणसानं मीटरचं पाकीट फोडलं नाही! फाड. … अगं नंतर चिकटपट्टी लाव. फाड!

… फोन सीटवर ठेव, स्पीकर लाव, दोन्ही हात मोकळे हवेत. … येतोय आवाज. आता काळी शेपटी 'कॉम' लिहिलेल्या भोकात. लाल तिच्या शेजारच्या 'व्ही'मध्ये. … खटका फिरव. व्ही आणि त्याच्याजवळ सरळ रेघ. … नागमोडी नको! नागमोडी घरातल्या प्लगसाठी. सरळ. … हां, आणि आकडा दोनशे.

आधी मीटरची परीक्षा घेऊ. टॉर्चमधला सेल काढ. लाल टोक त्याच्या टोपीला, काळं बुडाला. काय आलं? … दीड. आता उलट कर. … दीडच, पण पुढं आडवी रेघ आली? ती मायनसची रेघ. म्हणजे उलटं लावलं की मीटर उलटं म्हणतं. चला, घरात कुणीतरी एक आहे जे स्वतःची चूक लगेच कबूल करतं.

… मी? मी कधी चुकलेय? आठव एखादी चूक. … ती नव्हे, त्या चहात मीठ आईनं घातलं होतं. … बरं बरं, मुद्द्यावर ये.

ड्रायव्हरच्या सीटमागं खाली मेन स्विच आहे ना, लाल मुठीचा? … बस खाली. … मग चटई घाल. … त्याला दोन जाड बोल्ट दिसतील. एकाला बॅटरीकडून आलेली जाडजूड केबल, दुसऱ्याला तुझ्या नवऱ्याचा संसार. … कसं ओळखायचं? जिकडं रंगीत वायरींचं जंजाळ आणि चिकटपट्टीवर नावं लिहिलेली… … 'शयनकक्ष'? अगं, एका पलंगाला शयनकक्ष! … हां, ती बाजू त्यांची. आपल्याला दुसरी हवी. अंगठी काढ आधी. … लग्नाची आहे म्हणून तर काढ. दोन टोकांत अडकली तर लालभडक होईल आणि बोटासकट काढावी लागेल. … झटका नाही बसायचा, चोवीस व्होल्टच आहेत. घाबरू नकोस.

… काढली? खिशात नाही, पर्समध्ये ठेव. … आता लाल टोक बॅटरीकडच्या बोल्टला. काळं टोक बसच्या पत्र्याला. काय आलं? … शून्य? … कुठं टेकवलंस? … रंगावर? रंगावर टेकवलंस तर काय दाखवणार ते, रंगाचा भाव? खरवड तिथं. कोरा पत्रा दिसला पाहिजे.

… माहितीये, चार दिवस घासून घासून रंगवलीय त्यांनी. … पण सीटखाली कोण बघतंय? … ते बघतात? सीटखाली वाकून? रोज? … मग सांग उंदरानं कुरतडलं. … पत्राच कुरतडला, हो! भूगोलाच्या माणसाला पटेल. नखं घासायची कानस असेल ना पर्समध्ये, ती घे. … हां, येतोय आवाज. घास. … चमकला? बस्स, टिकलीएवढा पुरे. टेकव. नीट दाबून धर.

… किती? … चोवीस पॉइंट नऊ. पुढं रेघ आहे? … नीट बघ गं. चष्मा लाव. … माझा नाही, तुझा! … आहे? आडवी रेघ? नक्की?

… अगं बाई! अगं बाई गं! … बॉडी प्लस! मायनस आलं म्हणजे बॅटरीकडची ती केबल मायनस आणि तुझी अख्खी बस प्लस! … अगं, ओरडत नाहीये, आनंद झालाय! सहा आठवडे मी हेच म्हणत होते ना, की हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही? म्हणत होते की नाही? आता ये म्हणावं शास्त्रज्ञा! … भाषणात वायरिंगवर पाचवं पान घाल म्हणावं, 'माझा उलटा पंखा' या विषयावर! … नाही गं, फ्रीज वाचला ना, मग आता मजा घ्यायला काय हरकत आहे?

… पण मला एक सांग, बॅटरीची पेटी उघडून नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. बॅटरीवर चांगलं ठसठशीत लिहिलेलं असतं प्लस-मायनस. शाळेतलं पोरही बघेल. त्यांनी पेटी उघडलीच नाही? … बोल्ट गंजलेत म्हणून? … आणि दुसरं काय कारण? … गरजच नव्हती? का?

… कसला ठिपका?

… पिवळा. … पेटीच्या झाकणावर. … रंगवताना तेवढा मुद्दाम सोडला त्यांनी?

… ठिपक्याच्या खाली काही आहे का गं? … दोन बोटं पुसल्यासारखं. … शेजारी-शेजारी, हो. … फोटो नको पाठवूस. … नको म्हणते ना! कळलं मला.

… पिवळा ठिपका म्हणजे बॉडी मायनस, हे त्यांना कुणी सांगितलं? … मी? कधी? … त्यांच्या निवृत्तीच्या जेवणाला. … असं म्हणाले होते मी? 'माझा ठिपका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बॉडी मायनस केल्याशिवाय वायरिंगवाल्या बाई ठिपका देत नाहीत.' … टेबलावर हात आपटून? … वहीत लिहून घेतलं त्यांनी. तारखेसकट. … असणार. असणारच.

अगं, आत ड्रायव्हरच्या डोक्यावर एखादा आकडा कोरलेला आहे का बघ बरं. रंगाखाली असेल, बोटानं चाचपून बघ. … नऊ?

… नऊ.

… ऐक, तुलाच सांगते, पण दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. डेपोत नऊ गाड्या होत्या अशा, बॉडी प्लसवाल्या. सगळ्या बदलून मायनस करायच्या होत्या. बॅटरीची टोकं फिरवायची, डायनामोला नवं वळण लावायचं, तासाभराचं काम एकेका गाडीला. आणि झाली की झाकणावर पिवळा ठिपका. मी काय केलं… रंगाचा डबा वाळायला लागला होता. म्हटलं आधी ठिपके देऊन घेऊ सगळ्यांना, कामं काय, होतच आहेत. आठ गाड्यांची कामं झाली. नववी ठिपक्यासकट धुवायला गेली होती, तिचं काम राहिलं. आणि मला गाडी गाठायची होती. … कुठं जायला म्हणजे? तुझ्या लग्नाला! … हो! अठ्ठावीस वर्षांपूर्वी! तूच फोनवर रडत होतीस ना, ताई कधी येतेस, ताई कधी येतेस? आले धावत. परत गेले तर नऊच्या नऊ झाकणांवर ठिपके. म्हटलं, झालं की सगळं.

… हसू नकोस. … एवढं हसण्यासारखं नाहीये. … अगं, पुरे!

… आणि इथंच संपत नाही. त्या नऊ नंबरवर स्टॉपची नावं पुकारायचं यंत्र तीनदा जळालं. तीनदा! बसवणारा ठिपका बघायचा, काळी वायर बॉडीला लावायचा, आणि फट! ड्रायव्हर बिचारा घसा फोडून सांगायचा, बाई, मी हातही लावला नाही, ते आपोआप जळतं. मी म्हटलं, आपोआप काही जळत नसतं, चहा सांडला असणार तुम्ही. … शेरा मारला मी त्याच्यावर. लाल पेनानं. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र तीन वेळा जळाले.' त्याची ती गाडी गेली, दोन वर्षं लांबच्या फेऱ्यांवर टाकला त्याला. त्या गाडीवर जीव होता गं त्याचा. रोज स्वतः काचा पुसायचा. … 'उस्ताद' म्हणायचे सगळे त्याला.

… काय झालं? काय पुटपुटतेस?

… कोण पाहुणे? कुणाला आणायला गेलेत ते? … 'ही बस अकरा वर्षं चालवलेले…' … नाही. … नाही गं, खोटं सांग काहीतरी. … उस्ताद? … शास्त्रज्ञांनी शोधून काढलं त्यांना? कशाला पण! … 'ज्यानं बस चालवली त्याच्याच हातानं ती घर व्हावी.' … चांगलं आहे. फारच चांगलं आहे. एवढं चांगलं कुणी सांगितलं होतं करायला!

… किती वाजले? … तीन वीस. … ऐक. एक काम कर. घासणी घे. … भांड्यांची! आणि बाहेर जा, आणि तो ठिपका… … हो, पुसून टाक. … अगं, कोण बघतंय? ठिपकाच नाही तर प्रश्न कुठला? जुनी बस, बॉडी प्लस निघाली, मीटरनं सांगितलं, विषय संपला. … पाप कसलं गं त्यात? स्वच्छता आहे ती. … घास जोरात. … हलत नाही? … नेलपॉलिश काढायचं ते औषध लाव. … तरी नाही? … अठ्ठावीस वर्षं ऊनपाण्यात उभा आहे आणि टवका उडत नाही! मीच भांडून आणला होता तो डबा, हलका रंग घेणार नाही म्हणून. … मग त्याच्यावर कुंडी ठेव एखादी. … झाकण उभं आहे? मग टॉवेल टांग!

… काय? … फोटो आहे त्यांच्याकडे. असू दे, मोबाईलमध्ये… … छापून आणलाय? … केवढा? … दाराएवढा! कुठं लावलाय? … खुर्च्यांच्या समोर. … त्यावर काय लिहिलंय? … वाच. … अगं वाच म्हणते ना.

… 'आमच्या घरातल्या वायरिंगवाल्या बाईंची खूण. हिच्यावर डोळे मिटून विसंबलो.'

… परत नको वाचूस.

… मग मला का नाही बोलावलं कामाला? … गुडघे? माझे गुडघे दुखतात म्हणून? बसखाली झोपायला लावायचं जिवावर आलं म्हणून? … मग तसं बोलायचं ना माणसानं! सहा आठवडे मी इथं… … मी विचारलं नाही, बरोबर. मी फोन आपटला. … हो, दोनदा. … माणूस चांगला आहे गं तुझा. उगाच भूगोल शिकवत बसला.

… कसला हॉर्न? … आले? इतक्यात? … फोन देऊ नकोस! सांग मी झोपलेय. सांग की… अगं ऐक ना, अगं ए…

… हं. … अहो, भावोजी. … हो हो, मीच. … बरी आहे. … तुम्ही कसे आहात? … गुडघे? गुडघे ठणठणीत आहेत. … अभिनंदन! बस फार छान रंगवलीत म्हणे. … सीटखाली? … अय्या, उंदीर असेल.

… हो, सांगितलं तिनं. … हो, मीटर लावलं. आम्हीच लावलं. … हो, मायनस दाखवतंय, चोवीस पॉइंट नऊ. … नाही, पंखा नाही हो उलट्या बनावटीचा. … पट्ट्याही चांगल्या आहेत दोन्ही. टाकल्या नाहीत ना? … बरं.

… काय म्हणालात? … तुमची चूक? … तुम्हीच कुठंतरी काहीतरी उलटं जोडलं असणार? … 'पाहुण्यांना सांगतो, माझ्या हातून घोटाळा झाला, उद्घाटन पुढं ढकलू.' … नाही, पण भावोजी… … मीटर नवं आहे, मीटरच खोटं बोलत असेल? … 'तुमचा ठिपका चुकणं शक्यच नाही.'

…



… नाही हो, विचार करत होते. फार सोयीचं बोललात तुम्ही. तुम्हाला कल्पना नाही किती सोयीचं. … भावोजी, ऐका. … नाही, आधी ऐका. ठिपका खोटा आहे. … हो, माझाच ठिपका. खाली रंग पुसलेली दोन बोटंही माझीच. काम न करता दिला मी तो. तुमच्या लग्नाला यायची घाई होती. … नाही हो, तुमची काहीच चूक नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, एवढाच काय तो घोटाळा. … हसताय? … हसा. तुमची बायको मघाशी यापेक्षा जास्त हसली.

… आता ऐका, काय करायचं. स्विचला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या वायरी सोडवायच्या नाहीत, तुम्ही जोडलंत ते बरोबरच आहे. बसच्याच बॅटरीची टोकं फिरवायची. तासाभराचं काम आहे, मी येते. … हो, येते म्हटलं ना. चार वाजता नाही, पाच वाजता दाबा स्विच. तोवर भाषण करा. सातही पानं. … बॅटरीच्या पेटीच्या बोल्टांवर आत्ताच तेल सोडून ठेवा, मी येईपर्यंत मऊ होतील. … झोपेन की बसखाली. कुणीतरी धरून उठवा म्हणजे झालं. … आणि भावोजी… तो मोठा फोटो उतरवता येईल का हो? … नाही? … बरं. राहू दे. बरोबर आहे, राहू दे.

… उस्ताद आहेत ना तिथं? … त्यांना द्या फोन. … नाही, तुम्ही सांगू नका. मलाच सांगायचंय.

… नमस्कार, उस्ताद. ओळखलंत का? … वायरिंगवाल्या बाई, हो. … आवाज अजून तसाच आहे? दरडावल्यासारखा? … आज नाही दरडावणार. ऐका हो. नऊ नंबर. ते यंत्र तीनदा जळालं होतं. … आठवतंय तुम्हाला. … आठवणारच. … तुम्ही सांडला नव्हता चहा. … हो, माहितीये, तुम्ही चहा पीतच नाही. तेव्हाही म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. … माझी चूक होती. बॉडी उलटी राहिली होती, माझ्यामुळे, आणि नाव तुमचं आलं. मला लाज वाटते, उस्ताद. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत मला माहीतच नव्हतं, पण लाज आत्ता अठ्ठावीस वर्षांची वाटतेय.



… काय? … कुठला कागद? … शेऱ्याची नक्कल? तुमच्याकडे आहे अजून? … घरी कपाटात. … मुलांना दाखवला नाहीत कधी. … बायकोलाही नाही.

… मुलाला सांगा घेऊन यायला. आत्ता, पाचच्या आत. … हो. हत्यारांच्या पेटीबरोबर लाल पेनही आणते मी. तोच शेरा खोडते आणि खाली नवा लिहिते, सहीसकट, आजची तारीख टाकून. … सगळ्यांसमोर, हो. तीस खुर्च्यांसमोर. … काय लिहीन? … लिहीन की… थांबा हां. … 'चालकाचा दोष नव्हता. दोष वायरिंगवाल्या बाईचा होता.' … एवढं पुरे का? … अजून काय घालू? … 'चालक चहा पीत नाही'? … घालते. तेही घालते.

… उस्ताद? … अहो, रडताय की हसताय? … फोनवर काही कळत नाही. … बरं, बरं. आले मी. ठेवते.